चौथा पेला

अप्पा वकिलांचा तीन पेल्यांचा किस्सा आमच्या भागात अजून सांगतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या तरुण पाहुण्याने तो मलाच सांगितला. त्या खटल्यातला आरोपी आपल्या बाजूला बसून कढी भुरकतो आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. किस्सा त्याने चांगला रंगवला. जमादाराच्या शिंकासुद्धा बरोबर जागी काढल्या. त्या शिंकांच्या जागा मी बसवलेल्या आहेत. पन्नास वर्षं मी हा किस्सा सांगत आलो, सांगता सांगता घासून गुळगुळीत केला, आणि आता तो माझ्याशिवायही चालतो.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका मोटारवाल्यावर दारू पिऊन मोटार हाकल्याचा आणि एका गाडीवानाला जायबंदी केल्याचा खटला झाला. जमादाराने साक्ष दिली, की आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता. अप्पा वकिलांनी कोर्टाची परवानगी काढून टेबलावर तीन पेले ठेवले. एकात पाणी, एकात लिंबाचं सरबत, एकात मोहाची दारू. ‘जमादार, डोळे मिटा आणि वासावरून सांगा.’ दिवस माघाचे. नंदुरबारच्या चहूबाजूंना मिरची वाळत पडलेली. जमादार पहिल्या पेल्यावर वाकला आणि शिंकला. दुसऱ्यावर वाकला आणि तीनदा शिंकला. तिसऱ्या पेल्यापर्यंत त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि शेवटी त्याने पाण्याच्या पेल्याला दारू म्हटलं. मॅजिस्ट्रेटही हसता हसता शिंकले. आरोपी सुटला.

हे सगळं घडलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण खटला त्या तीन पेल्यांवर सुटला नाही. तो चौथ्या पेल्यावर सुटला, आणि तो पेला कोर्टात नव्हता. त्याबद्दल मी कधी कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो, पण आधी अप्पा सांगायला हवेत.

अप्पा ठेंगणे होते. त्यांना मान नव्हती. डोकं थेट कोटावर ठेवल्यासारखं दिसे. कोट एके काळी काळा असावा. मी पाहिला तेव्हा त्याला बुरशी लागलेल्या बाजरीचा रंग आला होता. दोन्ही खिशांत भाजलेल्या शेंगा. अप्पा कोणत्या वाटेने गेले, हे टरफलांवरून कळे. मामलेदाराच्या कचेरीपासून घरापर्यंत टरफलांची एक रेघ रोज पडे आणि रोज वाऱ्याने उडे. दाणा त्यांनी कधी कोणाला दिलेला मी पाहिला नाही. देवळात गेले तर देवापुढेही टरफलच पडायचं.

त्यांच्या ओसरीवर एक खुर्ची, एक बाक आणि एक तरट होतं. खुर्चीवर पेढीवाला, मोटारवाला किंवा एखाद्या अंमलदाराचा मेहुणा. बाकावर शेतकरी. तरटावर डोंगरातला माणूस. हा नियम त्यांनी कोणाला तोंडाने सांगितला नव्हता, पण पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला आपली जागा आपोआप कळे. अप्पा मूळचे नाशिककडचे. अहिराणी त्यांना उत्तम येत असे, पण ती ते बाकासाठी आणि तरटासाठी राखून ठेवत. खुर्चीशी शुद्ध बोलत. तरटावरच्या माणसाशी बोलताना ते त्याच्या डोक्याच्या हातभर वर, हवेत बघत. माणूस उठून गेला तरी त्यांच्या नजरेत काही फरक पडत नसे.

अप्पांना कायदा येत नव्हता, असं त्यांचे शत्रू म्हणत. ते खरं नाही. कायदा त्यांना चांगला येत होता. त्यांना त्याची गरज पडत नव्हती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘खरं असेल ते घरी ठेवा. कोर्टात काय न्यायचं ते मी देतो.’ हे ते इतक्या मायेने म्हणत, की आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं असंच माणसाला वाटे.

साक्षीदार तयार करण्याची त्यांची एक पद्धत होती. ओसरीवरच्या मेजावर ते पाण्याचा पितळी तांब्या ठेवत आणि म्हणत, ‘हा तांब्या म्हणजे मॅजिस्ट्रेट. त्याच्याकडे बघून सांग.’ मग रनाळ्याचा एखादा अडाणी शेतकरी हात जोडून त्या तांब्याला हुजूर म्हणे, आणि आपण बांध कोरला नाही, हे त्याला पटवून देई. चुकला की अप्पा तांब्यावर टिचकी मारत. तांब्या वाजला, म्हणजे मॅजिस्ट्रेटला पटलं नाही. पुन्हा सांग. साक्षीदार दहा-दहा वेळा सांगत. शेवटी तांब्या गप्प राही. मग कोर्टातला खरा मॅजिस्ट्रेट म्हणजे फक्त मोठा तांब्या, असं वाटून माणूस धडाधड बोले.

तरी कोणी कोर्टात अडखळला, तर त्याचीही सोय होती. अप्पा आपल्या हाताची बोटं मोडत. कडकड आवाज झाला, की साक्षीदाराने ‘नाही’ म्हणायचं. प्रश्न काय होता हे कळलं नसलं तरी ‘नाही’ म्हणायचं. कोर्टातले शिपाई, कारकून, समोरचा वकील, सगळ्यांना ही खूण माहीत होती. पण बोटं मोडू नयेत असा कायदा नव्हता, आणि म्हातारपणी सांधे दुखतात, अशी अप्पांची तक्रार होती. ही तक्रार सुरू झाली तेव्हा त्यांचं वय चाळीस असेल.

एकदा त्यांच्याकडे एक विधवा आली. दिराने शेत बळकावलेलं. बाई मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जायची. खटला खरा होता, कागद खरे होते, बाई खरी होती. पण तिला रडू येत नव्हतं. दोन वर्षांत रडून झालं होतं. अप्पा तिच्यावर वैतागले. कोर्टात कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्या विधवेचं कोण ऐकणार? त्यांनी तिला अहिराणीत समजावलं, की तारखेच्या दिवशी सकाळी पथारीवर काम करून तसंच यायचं, हात धुवायचे नाहीत, आणि मी घसा खाकरला की पदर डोळ्यांना लावायचा. बाईने तसं केलं. तिचे डोळे सुजले, ती आंधळ्यासारखी चाचपडत पायऱ्या उतरली, आणि खटला ती जिंकली. अप्पा हे खुर्चीवरच्या लोकांना मोठ्या कौतुकाने सांगत. बाईचा एक डोळा पुढे कायमचा लाल राहिला. हेही ते सांगत, त्याच सुरात. ती खटला मिरचीशिवायही जिंकली असती, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आम्ही ऐकणाऱ्यांनी ते आणून दिलं नाही.

तर असा हा माणूस आम्ही पाहून, पारखून, दुसरा चांगला हाताशी असताना निवडला.

आम्ही तापीकाठचे गुजर. शेती, ऊस, केळी, आणि काकांनी हौसेने घेतलेल्या, उतारू नेणाऱ्या दोन मोटारी. नंदुरबारहून नदीच्या काठापर्यंत एक, पलीकडून तळोद्यापर्यंत दुसरी. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. म्हणजे लहान होतो, कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्या दिवशी तळोद्याला एका जंगल ठेकेदाराकडे जेवण होतं. दुपारी तिथून निघालो तेव्हा मी भरपूर प्यालो होतो. ड्रायव्हरला मी मागे बसवलं आणि चाक हातात घेतलं. मोटार रिकामी होती, एवढं नशीब. तळोद्यापासून तीन-चार मैलांवर समोरून गवताने भरलेली बैलगाडी येत होती. गाडीवान आपल्या बाजूला होता. मी नव्हतो.

त्याचं नाव जेठ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा भिल्ल. गाडी उलटून तिचं चाक त्याच्या मांडीवर पडलं आणि हाड मोडलं. एक बैल जागच्या जागी मेला. मी काय केलं, हे मला आठवत नाही. ड्रायव्हरने नंतर सांगितलं. मी खाली उतरून रस्त्यात बसलो आणि मेलेल्या बैलाची शेपटी ओढत त्याला ‘ऊठ, ऊठ ना भो’ म्हणत राहिलो. मध्येच हसत होतो. जेठ्या चार हात अंतरावर मोडक्या पायाने पडला होता आणि माझ्याकडे बघत होता. एकदा मी त्यालाही म्हणालो, की जरा हात लाव, म्हणजे हा उठेल.

अर्ध्या तासाने जमादार आला. त्याने वास घेतला, पंचनामा केला, मला नेलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला जामिनावर सोडवलं आणि घरी जाण्याआधी वकील बघायला निघाले. काकांना माझ्या अब्रूची काळजी नव्हती. त्यांना मोटारींच्या परवान्याची होती. मला शिक्षा झाली असती तर परवाना गेला असता, आणि त्याच्यावर टपून बसलेले दोघे होते.

आधी आम्ही मास्तर वकिलांकडे गेलो. ते पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून हे नाव. त्यांच्याकडे बसायला सगळ्यांना एकच सतरंजी होती. काकांना ती तिथेच खटकली. मास्तरांनी माझ्याकडे बघून विचारलं, प्याला होता का? मी काकांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, ‘उत्तर मिळालं. आता असं करा. आधी बैल द्या, मग वकील द्या. गाडीवानाच्या दारात बैल बांधून या, त्याच्या पायाच्या औषधाचं बघा, मग कोर्टात गुन्हा कबूल करा. मी दयेसाठी बोलेन. दंड होईल, परवाना काही महिने जाईल. जास्त काही होईल असं वाटत नाही.’

काकांनी चप्पल घातली. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “आपन वकील दखाले उनूत का कीर्तन ऐकाले?” मी हसलो. मनापासून हसलो. सुटकेचा रस्ता इतका स्वस्तात समोर ठेवला होता, आणि आम्हाला तो ठेवणाऱ्याचाच तिरस्कार वाटला.

मग अप्पांकडे. खुर्ची काकांना मिळाली. माझ्यासाठी आतून दुसरी आणवली, यावरूनच मला वाटलं की आता मी सुटलो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. शेंगा फोडत होते. प्यालो होतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. उलट काकांना विचारलं, आणखी कोणाकडे गेला होतात? काकांनी मास्तरांचं नाव घेतलं. अप्पा प्रसन्न हसले. ‘चांगला माणूस. फार चांगला. पण पाटील, वकील निवडताना त्याचं ज्ञान बघू नये, त्याची झोप बघावी. तुमचा खटला घेऊन ज्याला निवांत झोप लागते, तो तुमचा वकील. मास्तर जागत बसतील. मी आत्ता, तुम्ही गेलात की झोपणार आहे.’ आणि खरंच, आम्ही पायरी उतरतो तोच आतून घोरणं ऐकू आलं. काका म्हणाले, हा आपला माणूस.

जमादाराची अप्पांना फिकीर नव्हती. त्याच्यासाठी तीन पेल्यांचा बेत त्यांनी पहिल्याच दिवशी केला. मिरचीचे दिवस होते हे खरं, पण नशिबावर अप्पा काही सोडत नसत. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या खिडकीखाली, वाऱ्याच्या बाजूला, आमच्या दोन गड्यांनी दोन पोती सुकी मिरची उपसून पुन्हा भरली, पुन्हा उपसली. किस्सा सांगताना हा भाग मी गाळत असे. योगायोग वाटला की लोक जास्त हसतात. त्या जमादाराला ‘शिंक्या’ हे नाव मीच ठेवलं. तो रस्त्याने गेला की लोक नाकाला बोट लावत. पुढे त्याने बदली मागून घेतली. त्याने पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं, आणि त्याचं नाकही बरोबर होतं.

अप्पांना काळजी होती जेठ्याची. ‘जमादाराला हसवून घालवता येतं,’ ते म्हणाले. ‘पण मोडक्या पायाचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला की हा मेलेल्या बैलाची शेपटी ओढत होता, तर पुढे काय पेला ठेवू?’ मी म्हटलं, त्याला शिकवता येईल का? तांब्यापुढे? अप्पांनी नकारार्थी डोकं हलवलं. डोंगरातला माणूस शिकत नाही, असं त्यांचं मत होतं. विचारलं तर पाहिलं ते सांगतो, स्वतःवर शेकलं तरी सांगतो. असे अर्धा डझन पक्षकार त्यांनी स्वतःच्या कबुलीने तुरुंगात गेलेले पाहिले होते, आणि त्याबद्दल त्यांना राग होता, जसा लाकडात नीट न बसणाऱ्या खिळ्याचा सुताराला असतो.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या वकिलीत त्यांनी डोंगरातल्या लोकांचं एक मात्र नीट टिपून ठेवलं होतं. पाड्यावर भांडण झालं की पंच बसतात. दंड ठरतो, तो दिला जातो, आणि मग दोन्ही बाजू एकाच पेल्यातून दारू पितात. पहिले थेंब जमिनीला. तो पेला रिकामा झाला, की भांडण मेलं. त्यानंतर त्याचा उच्चार कोणी करत नाही, पंचांपुढे नाही, बायकोजवळही नाही. करणाऱ्याला पाड्यावर तोंड उरत नाही. ‘सरकारी कोर्टाला हे माहीत नाही,’ अप्पा म्हणाले, ‘आणि त्यांना सरकारी कोर्ट माहीत नाही. तू जा. पेला पिऊन ये.’

मी म्हटलं, पण आधी दंड द्यावा लागेल ना? बैल?

अप्पांनी शेंग फोडली. ‘बैलाचं दावं घेऊन जा. नवं घे, घुंगूर लावलेलं. आज दावं, बैल होळीनंतर, म्हणून सांग. दावं हातात आलं की त्यांना बैल आल्यासारखाच वाटतो.’

तारखेच्या चार दिवस आधी मी पाड्याची बोली जाणणाऱ्या, काकांच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाड्यावर गेलो. दारूचा घडा आणि लाल गोंड्यांचं, तीन घुंगरांचं दावं बरोबर होतं. जेठ्या घराबाहेर खाटेवर होता. मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मला वाटलं होतं लोक ओरडतील. कोणी ओरडलं नाही. पंच गोळा झाले, मी काय म्हणतो ते त्यांनी ऐकून घेतलं, आपसात बोलले. दावं आधी आणि बैल नंतर, हे त्यांना विचित्र वाटलं, हे दिसत होतं. एक म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता, की बैल आजारी आहे का, म्हणून आणला नाही? मी सांगितलं, की चांगला जोडीला लागेल असा बघून आणायचा आहे, घाई कशाला. यावर जेठ्याची बायको पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तिला ते पटलं. खरंच, बैल घाईने घेऊ नये.

मग पानाच्या द्रोणातून दारू आली. तोच तो पेला. मी किस्स्याच्या सवयीने पेला म्हणतो. जेठ्याने पहिले थेंब जमिनीवर सोडले, ओठ लावला आणि द्रोण माझ्या हातात दिला. मी प्यालो. ज्या दारूने त्याचा बैल मारला होता तीच दारू, तीच चव. पंचांपैकी पाड्याच्या कारभाऱ्याला अहिराणी येत होती. तो मला समजेल असं सावकाश म्हणाला:

“दावं दिधं, दारू पिधी. आते हाई भांडन मरी गयं. मरेल भांडनले कोनी उकरस नही. आम्हीबी नही, तुम्हीबी नही.”

जेठ्याने दावं उशाशी ठेवलं.

तारखेला पेल्यांचं नाटक झालं, हशा झाला. मग मॅजिस्ट्रेटांनी डोळे पुसले आणि जेठ्याला पुढे बोलावलं. दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो आला. दुभाषी मध्ये उभा राहिला. हा माणूस त्या दिवशी कसा वागत होता, ते सांग, असं त्याला विचारलं. जेठ्या गप्प. पुन्हा विचारलं. मोटार कोण हाकत होतं? गप्प. मॅजिस्ट्रेट चिडले नाहीत. चांगले होते. त्यांनी स्वतः मराठीत त्याला म्हटलं, की घाबरू नको, तुझं नुकसान झालं आहे, ते भरून देववायलाच मी बसलो आहे. तू बोललास तर मला काही करता येईल. दुभाष्याने ते सांगितलं. जेठ्याने बराच वेळ विचार केला. मग त्याने उत्तर दिलं, आणि दुभाष्याने ते खाली मान घालून मराठीत केलं: “तो म्हणतो, भांडण मेलं आहे. मेलेल्याबद्दल बोलत नाहीत.”

अप्पांनी बोटं मोडलीसुद्धा नाहीत. गरज नव्हती.

संशयाचा फायदा देऊन मला सोडलं. बाहेर आल्यावर काकांनी पेढे वाटले. मास्तर वकील दुसऱ्या कामासाठी तिथे आले होते. ते पेढा न घेता गेले, आणि आम्ही त्यांची चेष्टा केली. त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातच, मी तीन पेल्यांचा किस्सा पहिल्यांदा सांगितला.

बैल मी दिला नाही. होळी झाली, आणखी पंधरा दिवस गेले. मग जेठ्या काठीवर लंगडत, दावं खांद्यावर टाकून आमच्या तळोद्याच्या मोटारतळावर आला. मी आत होतो. त्याने बाहेर बसलेल्या माणसाला सांगितलं, “बैल लेवाले उनू.” कुठला बैल, हे सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर मेलेलं भांडण उकरावं लागलं असतं. बैल न्यायला आलो, एवढंच. आमच्या माणसाला काही कळेना. मी आतून खूण केली, नाही म्हण. तो आणखी दोनदा आला. तिसऱ्यांदा दिवसभर मोटारतळावरच्या चिंचेखाली बसला होता, आणि हलताना घुंगूर वाजू नयेत म्हणून दाव्यावर हात ठेवत होता, कारण तिथे दुसऱ्यांचे बैल बांधलेले होते आणि ते बिचकत. मग यायचा थांबला. एका बैलाने शेती होत नाही. उरलेला बैल विकून तो बायकोला घेऊन गुजरातेत मजुरीला गेला, असं मला कारभाऱ्याकडून कळलं. मी विचारलं नव्हतं. त्यानेही एवढंच सांगितलं, बैलाचा विषय काढला नाही.

या सगळ्याचा दोष मी मनातल्या मनात अप्पांवर ठेवला होता. सोयीची जागा होती. इतक्या नीच माणसाच्या नावावर आणखी एक नीचपणा लिहिला तर हिशेबात कुठे दिसतो? पेल्याची युक्ती त्यांची, दाव्याची त्यांची, मी सांगितलं ते केलं. त्यांच्याबद्दल मला जो तिटकारा होता, त्याच्या आडोशाला मी आठ-नऊ वर्षं आरामात बसलो होतो.

अप्पांना शेवटचं भेटलो ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या जरा आधी. वकिली सुटली होती. दात गेले होते, त्यामुळे शेंगा सुटल्या होत्या. पण सवयीने खिशात ठेवत आणि नुसत्या चाचपत. काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी गेलो. ओसरीवर दोन पाहुणे होते. अप्पांनी मला फर्माईश केली: तो किस्सा सांग. मी सांगितला. शिंकांसकट. पाहुणे खदाखदा हसले, अप्पा हसताना खोकले. पाहुणे गेले. खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर बसलो.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, “त्या गाडीवानाला बैल कुठला दिलास रे? तापीकाठचा की बाजारातला?”

मी म्हटलं, बाजारातला.

ते माझ्याकडे बघत राहिले. तरटावरच्या माणसाकडे बघत तसं, हातभर वर, हवेत. मग नजर खाली आली. मला वाटतं त्यांना खरंच धक्का बसला होता. त्यांनी तो प्रश्न सहज विचारला होता. बैल दिला असेलच, यात त्यांना शंका नव्हती. ते हळूच म्हणाले, “दिला नाहीस.”

मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणालात, आज दावं आणि...

“होळीनंतर बैल,” ते म्हणाले. “मी कोर्टात खोटं चालवतो, नरोत्तमा. तो माझा धंदा. पाड्यावर जाऊन पेला तू प्यालास. त्यात माझं वकीलपत्र नव्हतं.”

मी म्हटलं, दिला. खरंच दिला. तांबडा होता.

अप्पा काठी टेकत उठले. मेजावरचा पितळी तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, त्यातलं पाणी हिंदकळलं, आणि तो माझ्यासमोर, मेजाच्या कडेला आणून ठेवला.

“त्याच्याकडे बघून सांग,” ते म्हणाले.

मी तांब्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटं एकमेकांत गुंतवून त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. मी वाट बघत होतो. ती वाजली नाहीत.